रेघेपलीकडचं भात

माझ्या नवऱ्याला जेवणाच्या पानावर यंत्रं काढून बसायची वाईट खोड आहे. त्यावरून आमची जितकी भांडणं झाली असतील तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. पण त्या ऋषिपंचमीला त्यानं खिशातून ते पेनाएवढं यंत्र काढलं नसतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार आजही मला करवत नाही.

आम्ही गणपतीला गावी गेलो होतो. देवळीखोल हे माझं सासर. सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका खिंडीच्या तोंडावर वसलेलं कोकणातलं गाव. मी मूळची सांगलीकडची. वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्यात वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडापानांचा एक मोठा संग्रह आहे, तो मी सांभाळते आणि कुठलं गवत कुठल्या जातीचं, ते ठरवते. माझा नवरा दिगंबर परब बुरशीतज्ज्ञ. म्हणजे घरात एक झाडं जपणारी आणि एक ती कुजवणारा, असं माझी मैत्रीण म्हणते. गावच्या घरी फक्त त्याची आई असते. सगळं गाव तिला आये म्हणतं, मीही म्हणते.

ऋषिपंचमीला बायकांनी नांगरटीचं काही खायचं नसतं. आता गावात बैल उरले नाहीत, सगळीकडे पॉवर टिलर आहेत. पण आये म्हणते, यंत्राचा असला तरी नांगर तो नांगर. म्हणून त्या दिवशी आमच्याकडे देवभात शिजतं. तळ्याकाठी, पाणथळीत आपोआप उगवणारं हे रानातलं भात. दाणा पिकला रे पिकला की गळून पडतो, म्हणून आये तो टोपलीत झाडून वर्षभर जपून ठेवते.

तर पान वाढलेलं, आणि ह्यानं सुपातला एक कच्चा दाणा उचलून यंत्राच्या टोकात घातला.

"अहो, आधी जेवा," मी म्हणाले. आयेसमोर मी त्याला अहो म्हणते. एरवी तो दिगू आणि अरे-तुरे.

"एकच मिनिट. आये, हे बघ. ह्याचं नाव पारखी. भात रानातलं की लागवडीचं, ते सांगतं."

"ता माका डोळ्यान दिसता," आये म्हणाली.

यंत्रावर लाल दिवा लागला आणि 'रान' अशी अक्षरं उमटली. दिगू असा खूश झाला की जणू दाणा त्यानंच घडवला होता.

"मोठो पराक्रम केलंस," आये म्हणाली. "आता माझा भात बघ."

आयेचं भात म्हणजे खोचरी. तांबड्या दाण्याचं, उंच वाढणारं, लोंबीला लांब कुसळं असलेलं. आयेच्या सासूच्याही आधीपासून ते देवळीखोलात आहे आणि देवळीखोलाबाहेर कुठे नाही. आता गाववाले शहाणे, त्यांनी सपाटीला सुधारित बियाणं लावलंय. पण उताराच्या कुणग्यांत, म्हणजे बांध घातलेल्या लहान वाफ्यांत, अजून खोचरीच असते, कारण तिथे दुसरं काही टिकतच नाही. दिगू अंगणाखालच्या कुणग्यात उतरला आणि एक पान खुडून घेऊन आला. यंत्रात घातलं. लाल दिवा. 'रान'.

"पान ओलं असेल," तो म्हणाला. पंच्यानं पुसून पुन्हा घातलं. लाल. मग दुसऱ्या कुणग्यातलं पान आणलं. लाल.

"तुझा यंत्र मेला खुळा आसा!" आयेला हसू आवरेना. दिगूही हसला. मी मात्र हसले नाही, कारण दिगूला मी कॉलेजपासून ओळखते. हसताना त्याचा आवाज बारीक झाला की समजावं, स्वारी घाबरलीय.

जेवण तसंच टाकून मी त्याच्या मागोमाग मागीलदारी गेले. तो माडाला टेकून उभा होता.

"दिगू, पारखीत आणि तुमच्या बुरशीत एकच रेघ आहे ना?"

"हो."

"म्हणजे अगदी तीच?"

"वैजू, एकच प्रोग्राम आहे. पारखी जे म्हणते तेच बुरशी करते." एवढं बोलून तो खालीच बसला.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. रानातलं भात शेतात घुसतं आणि लागवडीच्या भाताशी त्याचा संकर होतो. दाणे कापणीआधीच गळून जातात, आणि पुढच्या वर्षी तेच तण दुप्पट उगवतं. तणनाशक मारावं तर तेही भात आणि हेही भात, दोन्ही मरतात. शेतकरी टेकीला आले होते. तेव्हा दिगूच्या प्रकल्पानं एक बुरशी तयार केली. ती पानात शिरली की त्या झाडाच्या आनुवंशिक मजकुरातली ठरावीक ठिकाणं वाचते. तिथे रानाच्या खुणा पुरेशा सापडल्या तर ती जागी होते आणि झाड आतून खाऊन टाकते. सापडल्या नाहीत तर झोपेतच मरून जाते. किती खुणा म्हणजे 'पुरेशा', तीच ही रेघ.

ती रेघ माणसानं आखली नव्हती, प्रोग्रामनं आखली होती. त्याला एका बाजूला सुधारित वाणांचा मजकूर दिला आणि दुसऱ्या बाजूला आमच्या संग्रहातल्या रानभाताच्या नमुन्यांचा. नमुने भरपूर होते. कोकणातल्या प्रत्येक तळ्याचं, प्रत्येक ओहोळाचं रानभात आमच्या कपाटांत आहे. पण शेतातलं भात? एकही नाही! वनस्पतिशास्त्रज्ञाला पहिल्याच वर्षी शिकवतात, माणसानं लावलेलं झाड गोळा करायचं नाही. आमचे गुरुजी तर शेताच्या बांधावरून चालताना पिकाकडे बघायचेसुद्धा नाहीत, म्हणायचे, ते शेतकीवाल्यांचं काम. आणि शेतकीवाल्यांकडे सुधारित वाण. मधली ही शेकडो गावठी भातं, रानाशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक करत आलेली, कुणाच्याच कपाटात नव्हती. प्रोग्रामच्या लेखी ती जगातच नव्हती. मग रेघ त्यांच्या अलीकडून जाणार की पलीकडून, ह्याची पर्वा कोण करणार?

"फवारणी कुठे झालीय?" मी विचारलं.

"बोरखोलच्या खोऱ्यात. खिंडीपलीकडे. गणपतीच्या आधीच." मग खालच्या आवाजात म्हणाला, "बटण मीच दाबलं. फोटो काढले गं आमचे."

मी खिंडीकडे बघितलं. बोरखोल म्हणजे खिंड ओलांडली की लगेच.

त्यानं प्रकल्पप्रमुख पाटसकरांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. मागे आरतीच्या झांजा वाजत होत्या.

"परबसाहेब, सणासुदीचं हे काय काढलंत?" पाटसकर म्हणाले. "एखादं पान चुकीचं वाचलं गेलं असेल. अनंतचतुर्दशी होऊ द्या, समिती बसवू. मोदक झाले का नाही?"

दिगूनं फोन ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. आयेला सांगितलं, जरा जाऊन येतो. आये ओरडत होती, पान टाकून उठू नये, पण आम्ही निघालो.

खिंडीतून उतरताना बोरखोल इतकं देखणं दिसलं की क्षणभर मला वाटलं, उगाच घाबरतोय आपण. खालच्या सपाटीत सुधारित भात हिरवंगार डोलत होतं. तळ्याकाठचं रानभात तेवढं पांढरं पडून कोसळलं होतं. बुरशीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. मग रस्ता वळला आणि उताराचे कुणगे दिसले.

तिथे हिरवं काहीच नव्हतं. सगळं भात भिजलेल्या कागदासारखं जमिनीला चिकटलं होतं, पांढरट, बुळबुळीत. वास येत होता, आंबलेल्या पेजेसारखा. मी एक रोप उचलायला गेले तर ते बोटांतच विरघळलं. मी हात झटकला आणि पदराला पुसत राहिले. किती वेळ पुसत होते कोण जाणे.

बांधावर एक बाई बसली होती. दिगूच्या शर्टावर प्रकल्पाचं बोधचिन्ह होतं, ते बघून ती लगबगीनं उठली.

"साहेब, बरा झाला इलास. करपो पडलो बघा. खाली तुमी फवारलास ता भात कसा बेस आसा! आमका पण ता औषध मारा ना."

दिगूनं त्या बोधचिन्हावर हात धरला. मीच काहीबाही बोलले, बघतो, सांगतो, असं. ती पाया पडायला लागली तेव्हा मात्र तो तोंड फिरवून चालायला लागला.

गाडीशी आल्यावर मी त्याला धरलं. "आता खरं सांग. ही इथेच थांबेल?"

"तिला जिवंत पान लागतं. मोकळ्यावर ती आठवडाभरही टिकत नाही. पण पानाला पान लागून असेल तर चालत जाते." त्यानं खिंडीकडे हात केला. बोरखोलचे कुणगे चढत चढत खिंडीपर्यंत गेले होते, आणि खिंडीच्या पलीकडच्या अंगाला लगेच आमच्या देवळीखोलचे सुरू होत होते. त्यांच्याखाली थेट समुद्रापर्यंत भातच भात. गावागावाचं वेगळं, आणि सगळं रेघेच्या चुकीच्या बाजूला.

"म्हणजे आपलं गाव मधला पूल आहे."

"हो. आणि सुधारित भात वाचेल असंही समजू नकोस. गावठी भाताचे पराग त्याच्यावर पडतातच. दरवर्षी त्याच्यात रानाच्या चार खुणा वाढतील. ही तळ्याकाठी दबा धरून बसलेली असेल. जे रेघेपलीकडे सरकेल ते खाईल."

"शेवटी काय उरेल?"

त्यानं गाडीचं दार उघडलं.

"बोल की रे!" मी ओरडले.

"काही नाही," तो म्हणाला. "भात म्हणून काही नाही."

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाळंतपणात नाही, वडील गेले तेव्हाही नाही. ती भीती एखाद्या माणसाची किंवा जनावराची नव्हती, समोर काही दिसतही नव्हतं. नुसतं वारं सुटलं होतं आणि मी दर झुळकीला दचकत होते.

परत येताना दिगूनं एकदाच तोंड उघडलं. खिंडीतलं भात उपटून टाकलं तर बुरशीला पलीकडे जायला पाऊलवाट उरणार नाही, म्हणाला. मात्र एक कुणगाही सोडून चालणार नाही. सगळं देवळीखोल, तळ्याकाठचं देवभातसुद्धा, आणि तेही दोन दिवसांत.

संध्याकाळच्या आरतीला वाडीतली माणसं आमच्याकडे जमतात. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि मी उभी राहून सांगून टाकलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. सरपंच बाबल गावडे चेष्टेखोर माणूस, तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "वयनी, पुण्यात बसान गवात मोजणारी माणसा तुमी. तुमी सांगतास म्हणान पोटरेक इलला भात उपटूचा? सरकार काय म्हणता?"

"सरकार सुट्टीवर आहे," मी म्हणाले.

सगळे हसले. मग दिगू उठला. म्हणाला, "बाबल, ती बुरशी मी बनवलीय. माझ्या हातानं सोडलीय."

हसणं थांबलं. मागून कुणीतरी शिवी हासडली. ज्या पोराचा फोटो शाळेत टांगलाय, त्याच्याकडे माणसं अशी बघायला लागली की मला त्याचा हात धरावासा वाटला. पण मी धरला नाही. मलाही त्याचा रागच आला होता, आणि माझ्याच कपाटांतल्या नमुन्यांवरून ती रेघ आखलेली होती म्हणून स्वतःचाही.

आये देवासमोर बसली होती. तिनं मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "वैजू, तुका काय वाटता ता सांग."

"मला भीती वाटते, आये. नाही उपटलं तर कुणाकडेच काही राहणार नाही."

"आणि उपटला तर?"

"तर फक्त आपलं जाईल."

"बी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पेरणीला ठेवलेलं बी जूनमध्येच संपलेलं. घराघरांत कणगीत जे तांदूळ होते ते उकडे, शिजवून वाळवलेले. ते काय उगवणार? शेतातली खोचरी पोटरीतच, दाणा अजून धरायचा होता. बाबलनं बायकोला विचारलं, तिनं मान हलवली. कुणाच्याही घरात उगवेल असा दाणा नव्हता.

आयेनं देवासमोरची वात सारखी केली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "उद्या उजाडताच माझ्या कुणग्यापासून धरा. मगे माका कोणी काय इचारू नको."

दुसऱ्या दिवशी गाव शेतात उतरलं. उभं पीक उपटताना माणसं बोलत नाहीत हे मला तेव्हा कळलं. एरवी लावणीला काय गाणी, काय चेष्टा! आता नुसता मुळांचा चिखलातून सुटताना होणारा आवाज. उपटलेलं भात खड्ड्यात टाकायचं, चिखलानं झाकायचं आणि तुडवायचं. बायका डोळे पुसत होत्या आणि तुडवत होत्या. एक म्हातारा आपल्या कुणग्यात आडवा पडला, त्याला मुलांनी उचलून नेलं. दिगू सगळ्यात जास्त राबला. त्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याला कुणी पाणीही विचारलं नाही. मीच नेऊन दिलं.

उपटणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीजवळच्या कुणग्यात मला काही पांढरे ठिपके दिसले. पानाच्या टोकाला, पिठाची बोटं लागावीत तसे. मी दिगूला हाक मारली. त्यानं बघितलं आणि मोठ्यानं रडायला लागला. बाबल धावत आला. त्यानं ते पान बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि तिथून पुढे गावात कुणी एका शब्दानंही कुरकुर केली नाही. संध्याकाळपर्यंत उतार नागडा झाला.

हातपाय धुऊन आम्ही घरात आलो. उद्या पाचव्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. आये दिवा लावत होती. मी देवाला नमस्कार करायला वाकले, मान वर केली, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट, आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली, सगळं टांगलेलं. कवंडळं, हरणाची फुलं, तिरडा, कांगुण्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ही माटवी बघून वेडी झाले होते, कारण अख्ख्या डोंगराचं एकेक जिन्नस एका चौकटीत लटकत होतं. आज त्यात मधोमध, देवाच्या बरोबर डोक्यावर, खोचरीच्या लोंब्यांची एक जुडी होती. तांबडी आणि भरलेली.

"आये, ह्या लोंब्या कुठल्या?"

"झऱ्याकडच्या कुणग्यातल्यो. थयसर काठावरच्यो चार लोंब्यो आधी पिकतत. चवथीच्या आदल्या दिसाक कापलंय. देवाचा ता, बियात धरूचा नाय."

झऱ्याकडचा कुणगा सगळ्यात वर, खिंडीच्या वाटेपासून बाजूला. तिथे काठावरचं थोडं भात आधी तयार होतं, बाकीचं आम्ही उपटून गाडलं होतं. चतुर्थीचा आदला दिवस म्हणजे फवारणीनंतरचा. दाणा पक्का. हे बी उगवलं असतं. आणि बुरशी जिवंत दाण्यात झोपून राहू शकते, अगदी पुढच्या जूनपर्यंत.

दिगूही माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

"वैजू, राहू दे," तो हळूच म्हणाला. "बी आहे ते. एवढं एकच."

"त्यात बुरशी असली तर? जाळायलाच हवं."

"नसलीही तर?"

"पारखी सांगेल?"

"पारखी फक्त जात सांगते. बुरशी आहे की नाही ते प्रयोगशाळेतच कळेल. पुण्याला नेऊ."

"कसं नेणार? पुण्यापर्यंतची वाट बघ. दोन्ही अंगांना भातच आहे. पिशवी फाटली, गाडीला काही झालं तर? आणि इथे ठेवलं तर कुणीतरी बियाला लपवेलच."

"डब्यात घालू. मेण लावून बंद करू." तो काकुळतीला आला होता. "अगं, तू वाळलेला पालासुद्धा टाकत नाहीस. घरात चालायला जागा नाही तुझ्या पाचोळ्यानं. आणि तूच हे जाळायला निघालीस?"

"बोरखोलात फवारतानाही तुम्ही लोक म्हणत होता, काही होणार नाही," मी म्हणाले. मला तसं बोलायचं नव्हतं. तो दोन पावलं मागे सरला.

मी स्टूल आणलं. त्यावर चढले. देवाच्या डोक्यावरची माटवी विसर्जनाआधी कुणी सोडत नाही.

"देवाचा काढतंस?" आयेनं विचारलं.

"हो, आये."

"त्यात रोग आसा?"

"माहीत नाही."

"माहीत नाय, तरी काढतंस?"

"माहीत नाही म्हणूनच."

तिनं मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी गाठ सोडली, जुडी एका फडक्यात गुंडाळली आणि न्हाणीच्या चुलीकडे गेले. चूल पेटलेलीच होती. जुडी आत टाकली. आधी कुसळं जळाली, मग दाणे तडतडायला लागले आणि एकेक करून फुटले. पांढऱ्या लाह्या निखाऱ्यावर उडत होत्या. आये माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नव्हतं.

"दाणो भरलेलो होतो," ती म्हणाली आणि आत गेली.

प्रकल्पाची माणसं आली ती पांढरे अंगरखे घालून, तोंडं झाकून. गावाला दोरी लावली, खड्ड्यांतला चिखल, मुळं, सगळ्याचे नमुने नेले. पाटसकर स्वतः आले होते. आता त्यांना समितीची घाई झाली होती. नवी रेघ आखायची म्हणून मला अध्यक्ष करणार होते. मी म्हटलं, आधी प्रत्येक गावच्या शेतातलं भात माझ्या कपाटात आणून द्या, मग रेघेचं बोला. त्यांनी मान डोलावली. बोरखोलात सपाटीच्या कडेची सुधारित भाताची काही रोपंही पांढरी पडली होती, तीही त्यांनी उपटून नेली. ते बघून पाटसकरांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्यावर ओरडताही आलं नाही.

अहवाल आला तेव्हा आम्ही अजून गावातच होतो. दिगू फोनवर तो वाचत अंगणात उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबली," तो म्हणाला. "देवळीखोलाच्या खाली कुठेही नाही. आपल्या खालच्या कुणग्यांत होती, मधल्यांत होती. एक दिवस उशीर झाला असता तर गेली असती पुढे."

मी खांबाला धरून उभी राहिले. सुटलो, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. मग बघते तो दिगू अजून वाचतोच आहे.

"काय रे?"

"झऱ्याकडच्या कुणग्यातही त्यांनी तपासलं. मुळं, माती, बांधावरचं गवत." त्यानं फोन खाली केला. "तिथे काही नव्हतं. तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"आयेला सांगू नकोस," तो म्हणाला. "काय उपयोग आता?"

आये पडवीत बसली होती. प्रकल्पानं प्रत्येक घराला सुधारित बियाण्याची पिशवी फुकट दिली होती, ती तिच्यासमोर तशीच होती, न उघडलेली. मी जाऊन शेजारी बसले. दिगू दारात उभा राहून मला खुणावत होता, नको, नको.

"काय म्हणता कागद?" आयेनं विचारलं.

"बुरशी थांबली, आये. खालची सगळी गावं वाचली."

"बरा झाला." तिनं पिशवीवरून हात फिरवला. "आणि देवावरली ती लोंबी? ती रोगीट होती ना गो?"

माझं सगळं आयुष्य, जे जसं आहे त्याला तसं म्हणण्यात गेलं आहे. तरी त्या वेळी 'हो' म्हणावंसं इतकं वाटलं की शब्द तोंडापर्यंत आला होता. आयेच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तो माघारी गेला.

"नव्हती, आये," मी म्हणाले. "चांगली होती."

दिगू दारातून आत निघून गेला. आयेनं पिशवी बाजूला सरकवली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, शिव्या देईल. तिनं काढावंच, असंही वाटलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तुका सगळ्या झाडापेडांची नावा ठाऊक आसत," ती म्हणाली. "मगे सांग. पुढच्या वर्साक झऱ्याकडच्या कुणग्यात काय पेरूचा?"

मी पिशवीवरचं वाणाचं नाव वाचलं आणि पिशवी उलटी करून ठेवली.